जाळ्यातला कतला

नदीच्या पाण्यावर गळ पडला की आवाज होतो. अगदी सराईत हाताचा गळही थेंबाएवढा एक शब्द टाकतो आणि मगच बुडतो. पुनीआत्याचा गळ पडे तेव्हा तेवढाही आवाज होत नसे. माघातल्या सकाळी पैनगंगेच्या डोहावर धुक्याची विरळ साय धरलेली असायची, पलीकडच्या काठावरच्या बाभळी अर्ध्याच दिसायच्या आणि आत्या कमरेएवढ्या खडकावर उकिडवी बसलेली असायची. नवरा गेला त्या दिवशी तिच्या दंडावरचा आणि मनगटावरचा सगळा चुडा उतरला होता. तेव्हापासून ते उघडे, निःशब्द हात कशाचीही चाहूल न देता हलत. काठी मागे जाई, दोरी हवेत एक वळण घेई आणि दोरीला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर जणू आधीपासूनच तरंगत असल्यासारखी दिसू लागे. त्या हातांची मला लहानपणापासून भीती वाटे. जी माणसं आवाज न करता नेम धरतात, त्यांच्यासमोर आपण नेहमी पाण्यात असतो.

पुनीआत्या ही माझ्या बापूंची थोरली बहीण. ढाणकीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा तांडा आहे. विधवा होऊन ती तिथं परत आली आणि शेवटच्या घरात एकटीच राहू लागली. तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या खाली वळलेल्या होत्या; वर्षानुवर्षं नाक मुरडत राहिलं की कातडी तशीच वाळत असावी. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, पण आत्या भांडायची ती वऱ्हाडीत, कारण बाहेरून आलेल्या जावयालाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्या परक्यालाही ते कळलं पाहिजे असा तिचा आग्रह असे. तिच्या बोलण्यात उन्हाळी वाऱ्याची कोरड होती. तो वारा अंगाला लागतो तेव्हा काही वाटत नाही. संध्याकाळी ओठ फुटलेले दिसतात.

संक्रांतीनंतर कपाशीची मोठी वेचणी आटोपली की आमचं सगळं कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एका दिवसासाठी डोहावर जात असे. पुसदहून रामधनकाका, म्हणजे बापूंचा धाकटा भाऊ, बायकामुलांना घेऊन येई. दिवसभर गळ टाकायचे, दुपार कलली की ज्याचा मासा सगळ्यांत वजनदार त्याने कप न्यायचा. हा कप कुठल्याशा कबड्डी मंडळाने टाकून दिलेला, झाकण हरवलेला होता. बापूंनी तो घासूनपुसून आणला होता. मासा तोलायला कापसाचा काटा करंजीच्या फांदीला टांगत. पाहुण्यांना आम्ही सांगायचो की ही आपली गमतीची स्पर्धा आहे. गंमत कोणालाच वाटत नव्हती. कप बहुतेक वर्षी आत्याच्याच घरी जाई आणि ती त्यात लसूण ठेवी. आपण ज्यासाठी जीव टाकतो त्यात कोणी लसूण ठेवतं, हे बापूंना सहन होत नसे.

मासेमारी आमच्या आजोबांनी आत्याला शिकवली होती. बापू तेव्हा लहान होते, आणि ते मोठे होईपर्यंत आजोबांचे डोळे गेले. बापूंना वाटे की बहिणीने त्यांच्या वाट्याचं काहीतरी नेलं. आत्यालाही बहुधा तसंच वाटत असावं आणि ते परत द्यायचा तिचा मुळीच विचार नव्हता. "तुह्या हातात दोरी नाही रे, नाडा हाय," असं ती साठीच्या भावाला सगळ्यांदेखत म्हणे. बापू हसत. त्या हसण्याने त्यांच्या गालाची एकच बाजू वर जाई.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी मी सासरहून आठ महिन्यांत परत आले होते आणि तालुक्याच्या एका शाळेत शिकवत होते. तांड्यात कोणी मला कारण विचारलं नव्हतं. माझी आई, जिला आम्ही याडी म्हणतो, तिनं सगळ्यांना तसं बजावून ठेवलं असावं. त्या सकाळी मी डोहाच्या काठावर गळाला आमिष लावत बसले होते. माझी पहिली काठी रिकामीच वर आली. मासा लागून सुटला होता. आत्याने खडकावरून मान न वळवता म्हटलं, "जिले नवरा धरून ठेवता आला नाही, तिच्या गळाले मासा कसा राहीन, मास्तरीणबाई?"

सगळ्यांनी ऐकलं. काकाची सून पाण्याकडे पाहू लागली. याडीच्या हातातला कालथा तव्यावर थांबला आणि पुन्हा फिरू लागला. मला आठवतं, धुकं नेमकं तेव्हाच उठलं आणि डोह इतका लख्ख झाला की माझं तोंड लपवायला कुठे सावलीही उरली नाही. मी काठी उचलली आणि नदीच्या वळणापलीकडे, जिथून कोणी दिसत नाही, तिथं जाऊन बसले.

तासाभराने बापू तिथं आले. त्यांच्या खांद्यावर ओलं पोतं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. आत कतला होता, माझ्या मांडीएवढा, खवले रुपयासारखे. पलीकडच्या काठावरच्या भोयांनी पहाटे जाळ्यात धरलेला. बापूंनी माझा गळ घेतला, माशाच्या ओठातून आरपार ओवला आणि दोरी ताणून पाहिली.

"हा तुह्या गळाले लागला. असंच सांगजो," ते म्हणाले.

"काहून, बापू?"

"एक साल तिचं तोंड बंद झालं पाह्यजे."

मी नाही म्हणू शकले असते. वर्गात मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी, मला तो शब्द येत नव्हता असं नाही. पण अपमान ताजा असला की त्यावर जे हाताला येईल ते आपण दाबून धरतो. मी तो मासा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. तो थंडगार होता आणि माझ्या पोलक्यावर त्याचा ओलावा पसरत गेला. मी वळणावरून परत आले तेव्हा सगळ्यांनी एकच गलका केला.

काट्यावर कतला साडेसहा किलो भरला. आत्याची मरळ त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. ती खडकावरून उतरली, सावकाश आली आणि माशापुढे बसली. तिनं कल्ला उचलून पाहिला, अंगठा मागे फिरवला. तिथं खवले घासून एक बारीक वळ उमटला होता. मग तिनं त्याचा ओठ चिमटीत धरला.

"हा जाळ्यातला हाय," ती म्हणाली. "गळ मेल्यावर टोचला. ओठाले रगत नाही."

बापू म्हणाले, "हारली म्हणून बोलून राह्यली."

काका हसला, मग सगळेच हसले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत मला टोमणा दिसला नाही.

"तू सांग," ती म्हणाली. "गळाले लागला का हा?"

"हो, आत्या. माह्याच गळाले लागला."

तिनं मासा अलगद खाली ठेवला, ओले हात लुगड्याला पुसले आणि आपली दोरी गुंडाळायला घेतली. ती एकेक वेढा इतक्या नीटपणे घालत होती की जणू त्या दोरीचं पुढे कधीच काम पडणार नाही. आणि पडलंही नाही. त्या दिवसानंतर पुनीआत्याने कधी गळ टाकला नाही.

मला वाटलं होतं, ती आता यायचीच नाही. पण पुढच्या माघात ट्रॉली निघाली तेव्हा ती आधीच चाकाजवळ उभी होती. तिच्या हातात काठी नव्हती. डोहावर ती आपल्या त्याच खडकावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. आमच्या चुलीवरचं काही तिनं घेतलं नाही. पदराच्या गाठीतली ज्वारीची भाकरी मिरचीशी खाल्ली. असं ती दरवर्षी येऊ लागली. 'जाळ्यातला हाय' हा आमच्या घरातला विनोद होऊन बसला होता. कोणाला परीक्षेत चांगले मार्क पडले, कोणाला देखणी बायको मिळाली, की कोणीतरी आत्याला ऐकू जाईल असं म्हणे, "नीट पाह्य, जाळ्यातला असन." ती पाठ हलत नसे. दुपारचं ऊन तिच्या पाठीवर चढे, उतरे. बगळा तिच्यापासून चार हातांवर निर्धास्त उभा राही. मी तिच्या त्या पाठीचा मनापासून द्वेष केला. चार वर्षांत दोनदा मी खराच मासा धरून कप जिंकला, आणि दोन्ही वेळा काटा स्थिर होण्याआधी माझे डोळे त्या खडकाकडे गेले. जिंकल्याचा आनंद तिच्याकडून परवानगी घेतल्याशिवाय माझ्यात शिरत नव्हता, आणि ती परवानगी देणारी नव्हती.

पाचव्या वर्षी बापू गेले. शेतात उभे होते, बसले आणि उठले नाहीत. आत्या आली, दारात उभी राहिली, भावाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि न रडता निघून गेली. ते मी तिच्या खात्यात वैर म्हणूनच लिहिलं.

त्यानंतरच्या माघात पुन्हा आम्ही डोहावर होतो. काकाच्या धाकट्या मुलाची नवी बायको पहिल्यांदाच आली होती. जेवणं चालली होती. काका म्हणाला, कपाला आता बापूंचं नाव देऊ. सगळ्यांना ते पटलं. मग तो नव्या सुनेला त्या कतल्याची गोष्ट सांगू लागला. आत्याचा आवाज काढून, तिच्यासारखी मान वाकडी करून. नवी सून तोंडावर पदर धरून हसली. मी खडकाकडे पाहिलं. लुगड्याचा विटका निळा रंग, मानेवरचा पांढरा अंबाडा, आणि त्याखाली खांद्यांची दोन हाडं, जी आता पूर्वीसारखी रुंद नव्हती.

"काका, तो जाळ्यातलाच होता," मी म्हटलं. "बापूनं भोयांकडून आणला. मी खोटं बोलली."

नदीचा आवाज तेव्हा ऐकू आला. तो सकाळपासून चालूच असणार.

"मेलेल्या माणसावर कायले घालून राह्यली?" काका म्हणाला. त्याच्या हातातला घास तसाच होता. याडी उठली आणि ट्रॉलीकडे चालू लागली. तिच्या नवऱ्याची लाज मी तो गेल्यावर, सगळ्यांसमोर काढली होती. तिनं त्यानंतर पावसाळ्यापर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आत्या वळली. इतक्या वर्षांत त्या जागी मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. माझ्या मूर्ख मनाला वाटलं, आता काहीतरी सैल होईल. ती खडकावरून उतरली, गुडघ्यावर हात टेकत, आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तो जिता असतानी सांगाचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्याची बहीण होती. त्यानं हासत मरावं अन् मी खोटी राहावं, हे तू चालू देल्लं. आता कोणाले सांगून राह्यली? ह्याइले?"

तिनं बाकीच्यांकडे हातानेही दाखवलं नाही. मग ती निघाली, उभ्या हरभऱ्याच्या कडेने, ढाणकीच्या फाट्याकडे, जिथं एसटी थांबते. कोणी हाक मारली नाही. मीही मारली नाही. तिची आकृती उन्हात हळूहळू बारीक होत गेली आणि मग शेताच्या रंगात मिसळली.

त्यानंतर आम्ही डोहावर गेलो नाही. काकाने शेतातला आपला वाटा वेगळा केला. लग्नकार्यात भेटतो, नमस्कार करतो. आत्या जिवंत आहे, माझ्या घरापासून चार घरं पलीकडे. मी तिच्याकडे तीनदा गेले. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ती ओसरी-अंगण सारवत होती. मी अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, "आत्या, मले माफ कर." तिनं मान वर केली नाही. पंजाने शेणाचं ओलं अर्धवर्तुळ काढत, एकेक हात पुढे सरकत, ती माझ्या पायांपर्यंत सारवत आली. बोटं माझ्या चपलेला टेकायला आली तेव्हा मी एक पाऊल मागे घेतलं. तिनं तेवढीही जागा सारवली. मी आणखी मागे सरले, अंगण संपलं, रस्ता आला.

मला ती आजही आवडत नाही, हे इथं नोंदवायला हवं. ती कठोर होती, दुखवायला तिला आवडे आणि त्या सकाळी तिनं मला जे म्हटलं त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. पण एका प्रश्नाचं खरं उत्तर तिनं माझ्याकडे मागितलं होतं, आणि ते फक्त माझ्याकडेच होतं. बापूंचा चेहरा आता मला फोटो पाहिल्याशिवाय नीट आठवत नाही. गेलेल्या माणसांच्या कडा काळ मायेने घासून गोल करत नेतो. जे जिवंतपणीच आपल्या आयुष्यातून उठून जातं, त्याला मात्र तो हात लावत नाही. ते माणूस रोज चार घरांवर खोकतं, दिवा लावतं, दार ओढून घेतं, आणि त्याचं नसणं दर सकाळी पुन्हा कोवळं होऊन समोर येतं.