जागा चुकलेला खुणेचा दगड

मी शनिवार पेठेतल्या एका बोळातला खुणेचा दगड बोलतोय. दगड म्हणजे काँक्रीटचा, गुडघ्याएवढा. ‘खाली केबल आहे, खोदू नये’ असं माझ्या पोटावर कोरलंय. पुणेकर पाट्या वाचतात असं ऐकून मी निश्चिंत होतो.

कोपऱ्यावर, विजेच्या खांबाजवळ मला रोवलं. बरोबर माझ्याखालून फोन-इंटरनेटची केबल जाते. कुत्र्यांनी केलेले सत्कार सोडले, तर त्रास काही नव्हता.

मग बोळात राहणाऱ्या रंगनाथरावांची नजर माझ्यावर पडली. त्यांच्या फाटकासमोर लोक स्कूटर लावत. त्यांनी पाट्या लावून पाहिल्या. लोक त्या वाचत, हसत आणि पाटीखालीच गाडी लावत. शेवटी रखवालदार कचरूच्या हाती पहार देऊन त्यांनी मला उपटलं आणि फाटकासमोर रोवलं. सरकारी अक्षरांचा धाक बसला. माझं मत कोणी विचारलं नाही.

परवा पाण्याच्या नळासाठी जेसीबी आला. मुकादम संजय तसा सावध. मला पाहून चालकाला म्हणाला, “फाटकापाशी केबल आहे. कोपऱ्यावर खोद.”

“नकाशा?”

“मागवलाय. दगड दिसतोय ना समोर!”

वरच्या मजल्यावर रंगनाथरावांची नात नम्रता संगणकासमोर बसली होती. नोकरी गेल्यानंतरची पहिली मुलाखत, हिंजवडीच्या कंपनीची. केबल तुटली की तीही तुटणार.

जेसीबीची मान कोपऱ्याकडे वळलेली रंगनाथरावांनी खिडकीतून पाहिली. ते अनवाणीच खाली धावले.

“अहो, थांबा! केबल तिथे आहे.”

“काका, दगड तर इथे आहे.”

“दगडाचं काय ऐकता? तो मूळचा इथला नाही.”

“मग चालत आला का?”

रंगनाथरावांनी बोळातल्या उघड्या खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येकीत एक डोकं होतंच.

“मी आणला,” ते म्हणाले.

संजयने यंत्र बंद करवलं. माणसांनी फावड्याने हलक्या हाताने माती काढली. आधी इशाऱ्याची पिवळी पट्टी दिसली, मग काळी केबल. अखंड.

थोड्या वेळाने नम्रता गॅलरीत आली. “आजोबा, पुढच्या फेरीला बोलावलंय. तेव्हा तरी जरा हळू भांडा!”

आता मी पुन्हा कोपऱ्यावर आहे. खोदणाऱ्यांनो, नकाशा हाती आल्याशिवाय यंत्र लावू नका, आणि आल्यावरही आधी हाताने खड्डा घेऊन बघा. नुसत्या माझ्यावर विसंबू नका. बाकीच्यांनो, मला हलवू नका. वेळेवर ओरडणं मला जमत नाही. जागेवर उभं राहणं तेवढं जमतं.