कुडाच्या आतलं इंजिन

त्या घरात येऊन कस्तुराबाईला तीस वर्षं होऊन गेली होती, पण घरचा पानमळा आतून कसा दिसतो ते काही तिला ठाऊक नव्हतं. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर. भोवती शेवरीच्या झाडांचा दाट कूड, आत जायला एक बुटकी कवाडी, आणि त्या कवाडीच्या आत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. नागवेल सोवळ्याची, बाईची सावली पडली की जळते, असं सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. पुरुष अंघोळ करून, वहाणा बाहेर काढून आत जायचे. त्यातले काही आत जाऊन तंबाखूच्या पिचकाऱ्या मारायचे, ते मात्र वेलीला चालत होतं. आता ह्याला काय बोलावं!

खुडलेली पानं कवाडीशी यायची. पुढचं सगळं तिचं. ती निवडायची, पुसायची, ओल्या फडक्यात गुंडाळून डालीत रचायची. गफार तांबोळी आठवड्याला ती डाल एसटीच्या टपावर घालून तुळजापूरला न्यायचा. परत आला की ओसरीच्या पायरीवर बसून म्हणायचा, "भाभी, तुमचं पान देवीच्या विड्याला लागलं बघा." तेवढ्या एका वाक्यावर कस्तुराबाईचा आठवडा सुखात जायचा. सासऱ्यानं कुठून कुठून बेणं आणून लावलेली ही वेल. दरसाल उतरवायची, मातीत निजवायची, तिच्यातूनच पुढचं बेणं काढायचं. अशी पानं दुसऱ्या कुणाच्या मळ्यात नव्हती. वेल गेली तर बेणं गेलं, आणि बेणं गेलं की सगळंच संपलं, हे घरातलं लेकरूही जाणून होतं.

नवरा, बलभीम, हाताचा मोठा कसबी. मोटेचं कातडं फाटलं तर आरी घेऊन स्वतः शिवायचा, नाडा स्वतः वळायचा, चाकाचा कणा झिजला तर रंधा घेऊन बसायचा. दुसऱ्याच्या दारात कशाला म्हणून जायचा नाही. पण निजामाचं राज्य जाऊन बारा-चौदा वर्षं झाली, वाशीच्या रस्त्यानं एसटी पळायला लागली, आणि ह्या विहिरीवर त्या विहिरीवर इंजिनं धडधडायला लागली. बलभीमाला झोप येईना. शेवटी येरमाळ्याच्या कल्याणप्पा मिस्त्रीच्या हातून त्यानंही इंजिन बसवून घेतलं. बैलजोडी विकली. मोटेचं कातडं चांभाराला वहाणांसाठी देऊन टाकलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. ज्यात मोट रिती व्हायची ते दगडी थारोळं उखडून त्याचेच दगड इंजिनाच्या पायात भरले.

"बलभीमराव, जोडी तर ऱ्हाऊ द्यायची," गफार म्हणाला होता. "मशीनचा काय भरवसा?"

"गफारभाई, तुमी पानं विका," बलभीम हसून म्हणाला, "पान्याचं माझ्यावर सोडा."

इंजिन बसवताना मिस्त्रीनं एकच गोष्ट सांगितली. "चालू करायचं, बंद करायचं. बाकी कुठं हात लावायचा न्हाई. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर माझी जबाबदारी न्हाई." हे वाक्य बलभीमानं मंत्रासारखं धरून ठेवलं. दसऱ्याला इंजिनाला हळदकुंकू, नारळ, सगळं झालं. ज्या माणसानं जन्मभर आरी आणि रंधा चालवला, तो आता त्या लोखंडापुढं हात जोडून लांब उभा राहायला लागला.

इंजिन दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा बलभीमानं टाकी पार कोरडी होईस्तोवर चालवलं होतं. तेल संपलं म्हणून नवा डबा ओतला, तरी ते चालू होईना. हँडल मारून मारून खांदे निघाले. मिस्त्रीला निरोप गेला. तो एसटीनं आला, टोपी मागं सारली, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "लई मोठं काम हाय. बलभीमराव, चहा सांगा बरं घरी." बलभीम स्वतः चहा सांगायला घरी यायचा, आणि चहा घेऊन परत जाईपर्यंत इंजिन धडधडत असायचं. "काय झालं व्हतं?" असं विचारलं की मिस्त्री हात पुसत म्हणायचा, "सांगून तुमाला कळायचं न्हाई."

दुसऱ्या वेळी मात्र कस्तुराबाईनं मिस्त्रीला फाट्यावर उतरताना पाहिलं होतं. चहा मागणार हे ठाऊकच होतं, म्हणून तिनं आधीच आधण ठेवलं. किटली घेऊन ती आडवाटेनं कुडाशी गेली, तेव्हा बलभीम नुकताच घराकडं निघाला होता. विहीर कुडाला आतून लागूनच. शेवऱ्यांच्या फटीतून तिला दिसलं: मिस्त्रीनं इंजिनाच्या कुशीतला एक बारका पितळी स्क्रू पकडीनं ढिला केला. खालचा दांडा हातानं वरखाली केला. स्क्रूतून पांढरा फेस आला, आत कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडली, मग स्वच्छ तेलाची धार लागली. त्यानं स्क्रू आवळला, हँडल मारलं, आणि इंजिन सुरू. एवढंच. भाकरी थापायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागतो.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं.

"गप बस," बलभीम म्हणाला. "इंजिनातलं तुला काय कळतंय? आणि कुडातून डोकवायचं काय कारण तुला?"

ती गप्प बसली. ह्या गोष्टीत जी काही चूक आहे ती तिथंच, त्या गप्प बसण्यात आहे. पण तीस वर्षांची सवय एका रात्रीत मोडते होय?

चैतात टाकी पुन्हा कोरडी झाली आणि इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं. उन्हाचा नुसता जाळ झालेला. नागवेल म्हणजे तान्हं लेकरू, तिला एक दिवस पाणी चुकलेलं चालत नाही. बलभीम येरमाळ्याला धावला. मिस्त्री म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं येतो." दुसऱ्या दिवशी बलभीम फाट्यावर जाऊन बसला. पहिली गाडी आली, गेली. शेवटचीही गेली. परत येरमाळा, परत "उद्या नक्की". येडेश्वरीची जत्रा तोंडावर आलेली. मिस्त्रीनं जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजचं इंजिन आणि दिव्यांचं काम घेतलं होतं. वाशीच्या एका मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "कल्याणप्पाचं मशीन हाय, म्या हात लावनार न्हाई." ह्या लोकांचं आपसात बरं जमतं!

मग विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदायला सुरुवात झाली. बलभीम शेंदायचा, आत वेलीच्या बुडाशी ओतायचा. कस्तुराबाई ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी घागरीनं आणून कवाडीत ठेवायची. गफारही दोन दिवस येऊन पाणी शेंदू लागला, त्याच्या हाताची सालटं गेली. एवढ्या मोठ्या मळ्याला घागरीचं पाणी ते काय पुरणार! मोट असती तर सकाळच्या एका पाळीत पाणी फिरलं असतं. पण मोट कुणाच्या तरी पायात वहाणा होऊन फिरत होती. दुसऱ्या कुणाची मोट आणावी, तर थारोळं नव्हतं, बैल नव्हते.

"अवो, त्यो पितळी स्क्रू..." कस्तुराबाई एकदा कवाडीतून म्हणाली.

बलभीम घागर तशीच टाकून अंगावर आला. "हात लावून ते आणि बिघडलं म्हंजी? मग मिस्त्री उंबरा तरी चढंल का? तू तुझं पानी आन!"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती स्वतःच उठली. येडेश्वरीला नारळ फोडून येते म्हणाली आणि येरमाळ्याला गेली. जत्रा नुकती भरायला लागली होती. नारळ फोडला, आणि मग विचारत विचारत टॉकीजच्या तंबूमागं गेली. कल्याणप्पा तिथं खाटेवर आडवा पडून विडी ओढत होता. शेजारी त्याचं इंजिन झकास चाललेलं.

"दादा, आमची वेल मरायला लागलीय," ती म्हणाली.

"वहिनी, जत्रा झाली की पहिलं काम तुमचंच."

"तुमी येऊ नका. निस्तं सांगा. त्यो पितळी स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊ द्यायचा, एवढंच न्हवं?"

मिस्त्री खाटेवर उठून बसला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, ते तिनं पाहिलं. मग तो मोठ्यानं हसला. "वहिनी, मशीन हाय त्ये, भाकर न्हवं. चुकीचं पिरगाळलं तर फुटतंय. समोरच्या मानसाच्या चिंध्या व्हत्यात. बलभीमरावाला काय झालं तर कुनाला इचारनार?"

ती परत आली. बलभीम पुन्हा फाट्यावर गेला होता. मळ्यात कुणी नव्हतं. ती कवाडीशी उभी राहिली. बलभीमाची पकड इंजिनाशेजारच्या खोपटाच्या मेढीला लटकावलेली दिसत होती. इंजिन चार पावलांवर. तिनं पाऊल उचललंसुद्धा. तोच सासूचा आवाज कानात आला, मिस्त्रीनं सांगितलेल्या चिंध्या डोळ्यांपुढं आल्या, आणि सगळ्यात मोठी भीती ती की आपण आत गेलो आणि वेल मेली, तर सारा गाव म्हणेल, बाई आत शिरली म्हणून मेली. कस्तुराबाईनं पाऊल मागं घेतलं आणि घागर उचलून ओढ्याकडं गेली.

त्यानंतर कुडावरून डोकावणारे वेलीचे शेंडे माना टाकायला लागले. पानं आधी पिवळी पडली, मग कडेनं करपली. गफार डाल घेऊन आला आणि रिकामीच घेऊन गेला. जाताना देवीचा विडा म्हणून एकही शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. बलभीमानं पोहरा शेंदायचं सोडून दिलं. खोपटाच्या सावलीत गुडघ्यात डोकं घालून बसायचा. घागर आणली तर म्हणायचा, "कशाला आनतीस?"

जत्रेचा गुलाल पार धुऊन गेल्यावर मिस्त्री आला. टोपी मागं सारली. मळ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. इंजिनाभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "लई मोठं काम हाय. बलभीमराव, चहा सांगा बरं."

आणि बलभीम उठला! वाळलेल्या मळ्यातून, लाकडासारखे पाय टाकत, तो चहा सांगायला घराकडं निघाला. कस्तुराबाई कवाडीबाहेर रिकामी घागर घेऊन उभी होती. ते बघून तिला मिस्त्रीचा नाही, नवऱ्याचाच राग आला.

"बसा खाली," ती त्याला म्हणाली.

घागर तिथंच टाकून ती कवाडीतून आत शिरली. आता बाटायला उरलंच काय होतं! तिनं मेढीची पकड काढली आणि इंजिनाच्या कुशीशी वाकली.

"ओ बाई! हात लावू नका! फुटंल!" मिस्त्री ओरडला; पण फुटणार म्हणणारा माणूस जागचा हलला नाही, तिथंच इंजिनाला खेटून उभा राहिला, हे तिनं बरोबर हेरलं.

स्क्रू अर्ध्या वळशात ढिला झाला. तिनं खालचा दांडा वरखाली केला. फेस आला. बुडबुडे आले. मग तेलाची निर्मळ धार तिच्या बोटांवरून ओघळली. तिनं स्क्रू आवळला.

"हांडेल मारा," ती नवऱ्याला म्हणाली.

बलभीमानं हँडल मारलं. पहिल्याच दणक्याला इंजिन धडधडायला लागलं. पंपानं पाणी ओढलं, पाटातून फेसाळत मळ्यात घुसलं. मिस्त्री टोपी नीट करत कधी कवाडीबाहेर निघून गेला ते कुणी पाहिलं नाही.

बलभीम तिच्या तेलकट हातांकडं बघत होता. इंजिनाच्या आवाजात त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"तुला ठावं व्हतं?"

"सांगितलं व्हतं की तुमाला," ती म्हणाली.

तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. तिला रडू आलं नाही. ती पहिल्यांदाच मळ्याच्या आत उभी होती. आत हिरवा गारवा असतो, दुपारीही अंधारल्यासारखं असतं, असं बलभीम सांगायचा. तिनं मान वर केली. शेवऱ्यांना बिलगलेल्या वेली काळ्या सुतळीगत लोंबत होत्या आणि वरून लख्ख ऊन सरळ तिच्या तोंडावर पडत होतं. एका वेलीला तिनं हात लावला, तर ती मोडून तिच्या हातातच आली.

पाणी पाटापाटानं फिरत शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं. भुई घटाघटा प्याली ते.

"बंद करा आता," कस्तुराबाई म्हणाली. "तेल जळतंय."