माइकला हात लावताना

इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या एका कामगार क्लबात लॉर्ना पिकर्सगिलला माइकने धरलं. ती पुढे असंच सांगायची. कार्यक्रमाआधी आवाज तपासत होते. तिच्या एका हातात माइक होता आणि दुसरा हात सहज बँडप्रमुख नेव्हच्या गिटारच्या तारांना लागला. बोटं मिटली ती उघडेनात, जबडा आवळला, ओरडावं तर आवाज फुटेना. ड्रम वाजवणाऱ्या आल्फने वायरीसकट स्टँड लाथाडला, तेव्हा कुठे ती सुटली.

"वायरिंग जुनं आहे," क्लबचा माणूस म्हणाला. "होतं असं कधीमधी."

ओठांवरचे फोड आठवड्यात बरे झाले, पण भीती आत बसली ती बसलीच.

'टिन कॅथीड्रल' हा बँड नेव्ह थर्केलने ग्रिम्सबीत उभा केला होता. लॉर्ना तेव्हा बंदरावर मासे साफ करायची. कामावर गाणाऱ्या या पोरीचा आवाज ऐकून नेव्हनेच तिला उचलून आणलं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणणं तिला जड जायचं. फोडांवर मलम लावणाऱ्या नर्सने तिला सांगितलं होतं, आधी हाताची मागची बाजू लावून बघत जा, म्हणजे झटका बसलाच तरी हात मागे येईल. ती तसंच करू लागली. पायात बंदरावरचे रबरी गमबूट चढवले. गाताना माइकपासून वीतभर लांब, ताठ उभी राहायची.

लोकांना वाटलं, काय ऐट आहे बाईची! पेपरात गमबुटांचा फोटो आला. रेकॉर्ड खपू लागली. पोरी गमबूट घालून कार्यक्रमाला येऊ लागल्या. मॅनेजर सग्डेन तर हरखूनच गेला. "पोरी, ते बूट आता झोपतानाही काढायचे नाहीत!"

लॉर्ना हसायची आणि पडद्यामागे जाऊन ओकायची. हे फक्त आल्फला माहीत होतं.

"सांग ना नेव्हला," तो म्हणायचा.

"काय सांगू? माइकला घाबरणारी गायिका? दुसरी बघेल तो."

त्र्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये त्यांना एका मोठ्या मैदानी जलशात बोलावणं आलं. सकाळपासून पाऊस लागला होता. मंचावर ताडपत्री होती, तिच्या फटींतून पाणी ठिबकत होतं आणि वायरी डबक्यात पडल्या होत्या. लॉर्नाने तिथल्या विजेवाल्याला गाठलं.

"अर्थिंग नीट आहे ना?"

"सकाळपासून तीन बँड वाजवून गेले बाई. मेलंय का कोणी?"

नेव्ह गिटार गळ्यात अडकवून हसत म्हणाला, "चल गं, महाराणी. हजारो लोक भिजतायत तुझ्यासाठी."

ती गेली. नेव्हने पहिला सूर छेडला आणि गात गात तिच्याकडे सरकू लागला, नेहमीसारखा एकाच माइकवर ओळ म्हणायला. लॉर्नाने बोटांची मागची बाजू माइकला लावली. मुंगी चावावी तसं काहीतरी झालं. झालं की वाटलं? नेव्हचं तोंड माइकजवळ आलं होतं. तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवून त्याला मागे ढकललं. तो गिटारसकट उताणा पडला.

"बंद करा! मेन बंद करा!" ती किंचाळत राहिली.

वीज बंद झाली. मग प्रेक्षकांतून चिखलाचे गोळे आणि रिकामे डबे येऊ लागले.

"वेडी झालीस का?" नेव्ह उठला तेव्हा त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. "सगळ्यांसमोर?"

"करंट होता, नेव्ह."

"कुठे होता? दाखव!"

विजेवाल्याने काही तपासलं नाही. पुढच्या बँडने कार्यक्रम केला आणि कोणालाही काही झालं नाही.

नेव्हने महिन्याभरात दुसरी गायिका आणली. नवी रेकॉर्ड कोणी घेतली नाही, आणि नाताळाच्या आधीच बँड मोडला.

लॉर्ना बंदरावर परतली. एका रविवारी आल्फ भेटायला आला. चहा पिता पिता त्याने हळूच विचारलं, "खरं सांग, होता का करंट?"

"माहीत नाही रे," लॉर्ना म्हणाली. "रोज विचार करते. पण तो परत तसा जवळ आला, तर मी परत ढकलीन."

आल्फने मान डोलावली आणि आणखी एक बिस्किट उचललं.