कड्यांना तेल घातलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. हल्ली मी गोठ्यात टांगलेला असतो आणि माझ्यावर गुरांच्या ढेपेची पोती बसतात. पोती रागावत नाहीत, एवढं एक त्यांचं बरं आहे.

१९८१ साली शिरपूरच्या हाशमभाई सुतारांनी मला घडवलं. कड्या अडकवताना ते म्हणाले, "थोडी कुरकुर करेल नाना, पण पडणार नाही." नाना म्हणजे गिरधरनाना, माझे मालक. तापीकाठी त्यांचा केळीचा मळा होता. कुणाच्याही अडीअडचणीला ते आधी धावायचे. ओसरीत माझ्यावर बसून त्यांनी कितीतरी जणांची भांडणं मिटवली. तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा.

पण नानांना राग आला की तो त्यांच्या हातात राहत नसे. चप्पल जागेवर नाही, भाजीत मीठ जास्त, एवढंसं निमित्त पुरे. ताट भिंतीवर जायचं. एकदा रेडिओ अंगणात गेला. तासाभराने नाना माझ्यावर बसून लहान मुलासारखे रडायचे. "बेबीनी माय, चुकी व्हयनी मनी," असं बायकोला, कुंदाबाईंना, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी घरात जिलबी यायची. गाव म्हणायचं, "नाना तापट शे, पन मन सोनानं शे." मग कुणी काही करायचं कारणच उरत नसे.

कुंदाबाई मात्र माझ्या कड्यांकडे कान लावून असायच्या. नाना शांत असले की मी सावकाश कुरकुरायचो. राग चढू लागला की झोके आखूड आणि भरभर व्हायचे. तो आवाज आला की त्या सुकदेव आणि बेबी या आपल्या मुलांना हाक मारायच्या, "जा रे पोरेसहोन, काकूकडथून चाळणी लई या." घरात दोन चाळण्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या. तरी मुलं मुकाट्याने शेजारच्या काकूंकडे जायची. मग कुंदाबाई चुलीमागे सरकून बसायच्या. ताट कुणालाही न लागता भिंतीवर आपटायचं.

पुढे सुकदेवचं लग्न झालं. धुळ्याची सुनंदा सून म्हणून आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबी माहेरी येणार, झोके घेणार, म्हणून सुनंदाने हौसेने माझ्या कड्यांत तेल सोडलं. "आई, बघा, आता आवाजसुद्धा येत नाही!" कुंदाबाईंना प्रश्न पडला, नव्या सुनेला त्या आवाजाचं सांगायचं कोणत्या तोंडाने?

आखाजीच्या दुपारी नाना जेवणाची वाट बघत माझ्यावर बसले होते. पुरणपोळ्यांना वेळ लागत होता. त्यांचे झोके आखूड झाले, भरभर झाले. मित्रांनो, मी जीव तोडून ओरडायला बघत होतो, पण तेलाने माझा आवाज गिळला होता. कुंदाबाई आमरसाचं पातेलं घेऊन माझ्या मागून आल्या. त्याच क्षणी नाना उठले आणि संतापाने मला मागे ढकललं. माझ्या फळीचा कोपरा कुंदाबाईंच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो डोळा गेला. धुळ्याच्या दवाखान्यात कुंदाबाई म्हणाल्या, "ओटावरथून पडनू." सुनंदाने मात्र डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी नानांना मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असा अनावर राग हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, हे घराला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नाना दर महिन्याला एसटीने धुळ्याला जाऊ लागले. दोन वर्षांत एकही ताट भिंतीवर गेलं नाही. बेबी मात्र आखाजीला पुन्हा आली नाही. मला तर नानांनी त्याच आठवड्यात गोठ्यात आणलं होतं. तिथे माझं तेल वाळलं आणि गंज चढला.

सहा-सात वर्षांनी एका सकाळी नाना पोती उतरवून सहज माझ्यावर टेकले. गंजामुळे मी आखूड, भरभर कुरकुरलो. अंगणात कुंदाबाई धान्य निवडत होत्या. मान वर न करताच त्या सुकदेवच्या मुलीला म्हणाल्या, "जाय वं माय, काकूकडथून चाळणी लई ये."

चाळणी त्यांच्या मांडीवरच होती.

नानांनी ती पाहिली. माझी कुरकुर ऐकून कुंदाबाई मुलांना घराबाहेर का पाठवायच्या, हे इतक्या वर्षांत त्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं. ते हळूच उतरले. त्यानंतर ते माझ्यावर कधीच बसले नाहीत.

मित्रांनो, रागाला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. आणि तुमची आई तुम्हाला घरात असलेलीच वस्तू पुन्हा पुन्हा शेजारून आणायला पाठवत असेल, तर मुकाट्याने जाऊन येऊ नका. ज्यांच्याकडे जाता, त्यांना घरात काय चाललंय ते सांगा.