सरासरी काढायची राहिली

"अहो बाई, थांबा! कशालाही हात लावू नका!"

सर एवढ्या जोरात ओरडले की मी खुर्चीतून अर्धी उठलेच. चूक माझीच होती. आमच्या प्रयोगशाळेत दगडावर एकाच जागी लेसरचे शंभर ठोके मारतात. दर ठोक्याला ठिणगी उडते, तिच्या उजेडातल्या रंगीत रेघा यंत्र टिपतं आणि शंभर ठोक्यांची सरासरी काढतं. त्यावरून दगडात कुठली खनिजं मिसळलीत ते ओळखायचं. सव्वीस वर्षं मी हेच करतेय. त्या दिवशी मात्र सरासरीची खूण करायची राहिली आणि पडद्यावर ठोके एकामागून एक धावत सुटले. ऐन परीक्षेच्या दिवशी माती खाल्ली!

परीक्षा घ्यायला सरांचे थोरले भाऊच येणार होते. दोघंही मूळचे गणितवाले. कुठलं कोडं संगणकालाही झटपट सुटायचं नाही, हे सिद्ध करणं हे त्यांचं काम. मिश्रणाची नुसती बेरीज हातात दिली तर तिच्यातले घटक वेगळे काढायची झटपट रीत मिळायची नाही, असं दोघांनी तरुणपणी मिळून सिद्ध केलं आणि त्यांचं नाव झालं. पुढे सर आमच्या प्रयोगशाळेत आले, दगडांकडे वळले. "गणित सोडून दगड फोडायला गेला," म्हणत दादांनी बोलणंच टाकलं. अकरा वर्षं! आता त्यांचं पत्र आलं होतं की खनिजं झटपट वेगळी ओळखायची जी रीत सर शोधताहेत, ती मिळणं अशक्य आहे. विभागप्रमुखांनी त्यांनाच बोलावून घेतलं. दादांचा आक्षेप टिकला तर लेसर उद्या खालच्या मजल्यावर, धातूवाल्यांकडे.

"चुकलं सर, पुन्हा घेते."

"चुकलं काय म्हणता! बघा तरी!" सर पडद्याला नाक लावून बसले. "प्रत्येक ठोका थोडा आणखी खोल जातो. पहिल्या बारा ठोक्यांत एकच खनिज. तेराव्याला दुसरं आलं, त्याच्या तेवढ्या रेघा नव्या. चाळिसाव्याला तिसरं! आपण मात्र सगळं कालवून टाकतो आणि वेगळं होत नाही म्हणून रडत बसतो!"

सव्वीस वर्षं मीच कालवत होते की! मला हसूही आलं आणि रागही.

सर दोन तास प्रोग्रॅम बदलत बसले. चहा दोनदा आणला, दोनदा गार झाला. अकराला सुनेचा हात धरून दादा आले. विभागप्रमुखांनी आपल्या हाताने एक दगड निवडून दिला. चार मिनिटांत पडद्यावर पाच खनिजं! विभागप्रमुखांनी उत्तराचं बंद पाकीट फोडून पाहिलं. पाचही बरोबर. मी तर टाळ्याच वाजवल्या.

दादा हलले नाहीत. "कसं केलंस ते तोंडी सांग." सगळं ऐकून म्हणाले, "आता सरासरी काढ आणि संगणकाला तेवढीच दे."

दिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. उत्तर नाहीच.

"म्हणजे आपली सिद्धता शाबूत आहे!" दादांनी टेबलावर थाप मारली.

"शाबूत आहे, दादा! दगडाने बेरीज दिलीच नव्हती. ती आपण केली!"

"गाढवा, मग आधी नाही का सांगायचंस?"

"सांगणार कसं? तू बोलत होतास कुठे!"

"तू तरी फोन करायचास!"

दोघंही लहान पोरांसारखे ओरडत होते. विभागप्रमुखांनी मधेच विचारलं, "मग आक्षेपाचं काय?"

"कसला आक्षेप! फाडा ते पत्र. लेसर इथेच राहू दे." माझा जीव भांड्यात पडला.

मग दादा म्हणाले, "एक ठोका माझ्यासमोर मारा." मी सगळ्यांना काळे चष्मे दिले आणि बटण दाबलं. चट्कन ठिणगी उडाली.

"उडाली का?" दादांनी विचारलं. त्यांचं तोंड दगडाकडे नव्हतंच, भिंतीकडे होतं.

"दादा, तुला दिसली नाही?" सरांनी विचारलं.

"चार वर्षं झाली रे," दादा म्हणाले. "काहीच दिसत नाही आता."

सर दादांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मला मान हलवून खूण केली. मी बटण दाबलं.

"उडाली, दादा. पिवळी रेघ आहे, ठळक. तिच्या शेजारी दोन बारीक, तांबड्या."

"सावकाश सांग," दादा म्हणाले. "मला घाई नाही."