बिनकानाचा पेला

"कान बारीक झालाय," मामंजी म्हणाले. "बोट आत अडकलं ना, तर दिवसभर हा दागिना घालूनच हिंडावं लागेल मला."

सून हसली नाही. तिचं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. हात थरथरत होते ते नेहमीसारखेच. पण पेल्याला दोन्ही बाजूंना कान होते, बूड रुंद आणि जड होतं आणि नाकाच्या बाजूची कड खाली उतरवलेली होती, त्यामुळे शेवटच्या घोटासाठी मान मागे टाकावी लागत नव्हती. चहा हिंदकळला, काठापर्यंत आला आणि परत आत गेला. सदऱ्यावर थेंबही नाही.

"आणि बाकी?" तिनं विचारलं.

"बाकी बरा आहे. पस्तीस मार्क. काठावर पास."

जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. पैकीच्या पैकी मार्क त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

ती एका डिझाइन ऑफिसात नोकरीला होती. तिथे सगळंच चाले: दवाखान्यातल्या खाटांचे कठडे, रद्दी कागदाची खोकी, उद्घाटनाला फीत कापायची कात्री आणि त्या कात्रीचं मखमली तबक. पेल्याची कल्पना मात्र तिची स्वतःची. त्याला कारण घरातच घडलं होतं. एका नातेवाइकांकडे जेवताना मामंजींच्या हातून वाटी कलंडली, आणि शेजारी बसलेल्या भाचीनं मायेनं चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. मामंजी भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते आपल्या खोलीत दार लावून जेवू लागले. आत भांडं पडल्याचा आवाज आला की तिचा नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. दुसरं करणार काय?

मग ती पहिला नमुना घरी घेऊन आली आणि बंद दाराशी उभी राहून म्हणाली, "मामंजी, ऑफिसचं काम आहे. तुमची मदत लागेल."

मदत म्हटल्यावर म्हातारा बाहेर आला. येईल त्या पेल्यातून चहा प्यायचे, भरपूर नावं ठेवायचे आणि पुढचा नमुना कधी म्हणून तगादा लावायचे. हळूहळू जेवणही टेबलावर सुरू झालं. जिन्यात शेजारी भेटले की ऐटीत सांगायचे, "सध्या आम्ही एका पेल्यावर काम करतोय."

पेला बंद करायचा निर्णय तिला मॅडमनी उभ्याउभ्याच सांगितला. ऑफिस मॅडमच्या मालकीचं.

"पण मॅडम, चाचण्या छान चालल्यात."

"चालल्यात गं. पण घेणार कोण? दवाखानेवाले म्हणतात, ज्यांचे हात कापतात त्यांना आम्ही नळीनं पाजतो. त्यांचं भागतंय." मॅडमनी नमुना उचलून उजेडात धरला. "आकार मात्र देखणा जमलाय तुला. त्या सिमेंट कंपनीचा वर्धापनदिन येतोय. पाहुण्यांना भेट द्यायला काहीतरी पर्यावरणाला धरून हवंय त्यांना. भाताच्या तुसाचा करू हाच. बूड जरा नाजूक कर, आणि हे कान तेवढे काढून टाक. कान बघितले की आजारपण आठवतं."

तिची चाळिशी उलटली होती, दुसरी नोकरी काही वाटेत पडलेली नव्हती. त्याच दुपारी तिनं पडद्यावरचे दोन्ही कान पुसले. बसवायला वर्ष लागलं होतं. पुसायला काहीच लागलं नाही.

घरी सांगणं मात्र जमेना. आज नको, उद्या सांगू, असं करत दिवस गेले. मामंजी विचारायचे, "काय म्हणतोय आपला पेला?"

"साच्यात गेलाय," ती म्हणायची. तसं ते खोटंही नव्हतं.

पुढे मॅडमना तिच्या सासऱ्यांनी नमुने तपासल्याची गोष्ट आठवली. अशा गोष्टी लोकांना आवडतात, त्यांना वर्धापनदिनाच्या समारंभाला आणच, असं त्यांनी फर्मावलं. ती टाळाटाळ करतेय हे पाहून त्यांनी स्वतःच घरी फोन लावला. ती संध्याकाळी पोचली तेव्हा मामंजींचा कोट इस्त्री होऊन दाराला लटकत होता.

"मामंजी, ऐका ना. पेला थोडा बदललाय."

"बदलणारच. वरच्या लोकांना काहीतरी काडी घातल्याशिवाय चैन पडत नाही. मूळ आपलंच आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

सभागृह गच्च भरलं होतं. निवेदिकेनं आवाज ओला करून सांगितलं की ज्या थरथरत्या हातांनी या पेल्याला जन्म दिला, ते हात आज आपल्यात आहेत. मामंजींना हाताला धरून मंचावर नेलं. खोक्याची रिबीन त्यांना सुटेना, तेव्हा निवेदिकेनंच सोडवली. आतून पेला निघाला. गुळगुळीत, निमुळता, पोटावर कंपनीचा शिक्का. कुणीतरी पुढे होऊन तो चहानं काठोकाठ भरला.

"आजोबा, पहिला घोट तुमचा!"

फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. मामंजींनी पेल्याच्या अंगावरून एक बोट फिरवलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मग मान वर करून त्यांनी रांगांवरून नजर फिरवली आणि सुनेवर थांबवली. तिला वाटलं, आता सगळ्यांदेखत आपली शोभा होणार. व्हावी, असंही वाटलं.

ते माइककडे वाकले.

"चहा मी सोडलाय. डॉक्टरांनी बंद केलाय." थोडं थांबून म्हणाले, "पेला सुरेख झालाय. आमच्या सूनबाईंनी केलाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामंजींनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि एकटेच, पायऱ्या चाचपत खाली उतरले.

टॅक्सीत ती म्हणाली, "मामंजी, मी सांगणारच होते, पण..."

"काच वर घे," ते म्हणाले. "वारा लागतोय."

सकाळी तिनं जुना, दोन कानांचा पेला अर्धा भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"सोडलाय म्हटलं ना काल."

"ते तिथं हो, मामंजी. घरात कोण बघतंय?"

"बाबा, कशाला उगाच हट्ट करताय?" नवरा म्हणाला. "प्या की."

"हट्ट कसला? एवढ्या माणसांसमोर बोललोय. आता मागे कसं घेऊ?" आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुम्ही घ्या. निवतोय."

तेव्हापासून त्या घरात सकाळी दोघांचाच चहा होतो. पातेल्यात आलं पडलं, वास सुटला, की मामंजी उठून बाल्कनीत जातात आणि पाठीमागे दार ओढून घेतात. आत कप विसळल्याचा आवाज आला की मगच परत येतात.