डोळा राखून तोडायचं

चौथीतल्या निशाला वाचता येत नव्हतं, आणि दोन हजार दोन सालच्या त्या पावसाळ्यात ही गोष्ट बिद्रीत दोघींनाच ठाऊक होती. एक ती स्वतः, दुसऱ्या तिच्या विद्याश्री बाई. बाकी वस्तीला विचाराल तर पोरगी हुशार, घडाघडा वाचणारी, अगदी बापावर गेलेली. खरं म्हणजे पोरीचे कान तिखट होते. धडा दोनदा ऐकला की पाठ. मग पुस्तकावरून बोट फिरवत ती असा काही सूर लावायची की गुरुजींनीही फसावं, आणि तीन वर्षं ते फसलेच.

बाई फसल्या नाहीत. त्यांनी ओळीवर तळहात ठेवला, मधला एकच शब्द उघडा ठेवला आणि म्हणाल्या, "हा वाच." निशाला तो वाचता येईना. बाई रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी विचारलं, "उसाचं बेणं कसं तोडतात गं?"

"टिपऱ्या करत्यात. परत्येक टिपरीला डोळा ऱ्हायला पायजे, न्हायतर उगवत न्हाय."

"शब्दसुद्धा तसाच तोडायचा. प्रत्येक तुकड्यात एक स्वर, तोच त्याचा डोळा. जोडाक्षर कितीही जाडजूड असू दे, डोळा एकच."

दोन महिने शाळा सुटल्यावर दोघी शब्द तोडत बसल्या. निशाला जमू लागलं, पण मुंगीच्या चालीनं, आणि मोठ्यानं तोडलं तरच. चारचौघांत असं अडखळायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

त्यात बापानं हौसेनं घोळ घातला. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने वस्तीतली मंडळी विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचत. रोज दोन पानं. आज एक थांबला तिथून उद्या दुसऱ्यानं उचलायचं. पहिल्या दिवशीचं पहिलं पान तेवढं दरवर्षी बाबासोच वाचायचा, म्हणजे निशाचा बाप, कारखान्यात पोती उचलणारा. तो मान त्याचा. यंदा त्यानं भर विहारात सांगून टाकलं, "समाप्तीला माझी निशा वाचणार हाय."

निशाचं जेवण तुटलं. बाप मारेल अशी भीती नव्हती, त्यानं तिला कधी बोट लावलं नव्हतं. सगळ्यांदेखत त्याची मान खाली जाईल, ह्या भीतीनं तिला घास गिळवेना. शेवटी तिनं जुनीच वाट धरली. बोटं मोडून पानं मोजली, समाप्तीला कुठली दोन येतील ते काढलं, आणि चुलतभाऊ बुद्धभूषणकडून ती चार वेळा वाचून घेतली. तयारी करतेय पोरगी, असं वाटून त्यानंही कौतुकानं वाचली.

समाप्तीच्या आदल्या संध्याकाळी विजेची डीपी जळाली. विहारात अंधार झाला, मंडळी नुसती वंदना करून उठली. निशा घरी चिमणीपुढं आपली पानं पुटपुटत होती. वाचन दोन पानं मागं राहिलं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

आश्विन पौर्णिमेला, समाप्तीच्या संध्याकाळी, पांढरा फ्रॉक घालून ती टेबलापुढं उभी राहिली. खुणेची फीत धरून तिनं ग्रंथ उघडला. तिच्या पाठ पानाचा पहिला शब्द दोन अक्षरी होता. इथं तर हा लांबलचक शब्द पसरलेला. काल राहून गेलेली पानंच समोर आली होती. पाठ केलेलं तसंच दामटावं, तर समोर बुद्धभूषण बसलेला. वाचन कुठं थांबलंय ते त्याला पक्कं माहीत.

"वाच की गं," मागून म्हातारी चिमणाबाई म्हणाली.

निशानं बापाकडं पाहिलं. बाबासोचा चेहरा पांढराफटक पडला होता, हात एकमेकांत घट्ट आवळलेले. तिच्यापेक्षा तोच जास्त भ्यालेला दिसत होता. आता सुटका नाही हे तिला कळलं.

"स... हा... नु... भू... ती... ने."

कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान तापले, पण बोट हललं नाही. डोळा शोधायचा, तोडायचं, पुढं जायचं. "प्र... ज्ञा..." इथं ती अडली, जोडाक्षरातला डोळा हुडकला, सुटली. पाव तासाची दोन पानं तासभर चालली. शेवटी सगळ्यांनी 'साधु, साधु' म्हणून साधुकार केला. घरी जाताना बाप तिला मागं टाकून झपाझप पुढं चालला.

सकाळी कामावर जायच्या आधी बाबासोनं दार पुढं केलं आणि तिचं पुस्तक घेऊन समोर बसला. संपलं सगळं, आता शाळा बंद, असं निशाला वाटलं. 

"ते काल तोडत हुतीस," तो हळू आवाजात म्हणाला, "ते मला दाव."

"तुमास्नी येतंय की, आबा. पैलं पान तुमीच वाचतायसा."

"तेवढं एकच येतंय. ऐकून ऐकून पाठ झालंय." त्यानं दाराकडं पाहिलं. "तुझ्या आईलाबी ठावं न्हाय."

निशा त्याच्या शेजारी सरकली. मग तिनं ओळीवर तळहात ठेवला आणि मधला एकच शब्द उघडा ठेवला. पोती उचलून घट्टे पडलेलं बापाचं बोट त्या शब्दावर टेकलं.